पांढऱ्या रेतीचं पान

१

सानिका आली ती छत्री मिटलेली आणि अंग भिजलेलं. पडवीच्या खांबाला धरून उभी राहिली.

"काकू, हिरवी वही गेली."

"गेली म्हणजे?"

"शनिवारी तुमच्याकडून परतले तेव्हापासून फळीवर नाही. घर पालथं घातलं. कोणीतरी नेली."

मी सुई खाली ठेवली. हातातलं काम बाजूला ठेवण्यासारखंच होतं ते.

पोस्टातून निवृत्त झाल्यावर मी रत्नागिरीत माझ्या पडवीत वह्या शिवायला शिकवते, दर शनिवारी. कागद आपण कापायचा, दोऱ्याला मेण आपण लावायचं, चिंचोक्याची खळ शिजवून पुठ्ठ्यावर कापड चढवायचं. पाकीटवाल्या झाकणाला आत एक चपटं लोहचुंबक शिवायचं, म्हणजे वही टपकन मिटते. आणि मग त्या वहीत जगायचं. कुणी चित्र काढतं, कुणी बसचं तिकीट चिकटवतं, कुणी दोऱ्यानं ओवी शिवतं.

सानिकाचा नवरा सुजय मालवाहू जहाजावर. लग्न झाल्यापासून तो दर खेपेला निघाला की ही एक नवी वही शिवायला घ्यायची आणि तो परतला की त्याच्या मांडीवर ठेवायची. तू नव्हतास तेव्हा इथे हे झालं, बघ. माडाची झावळी पडली ती ही. मांजर व्यायली तो हा दिवस. तोही बंदराबंदरातून काहीबाही पाठवायचा, तेही त्याच वहीत जायचं. असा त्यांचा संसार, अर्धा पाण्यावर आणि अर्धा कागदावर.

हिरवी वही या खेपेची. तिच्या गेलेल्या आईच्या लुगड्याचं कापड होतं तिला. आणि सुजय गणपतीला येणार होता.

"चार दिवसांवर गणपती आले काकू. त्याच्या हातात मी काय ठेवू?"

पोस्टात असताना पत्ता चुकलेली पाकिटं माझ्या टेबलावर यायची. पुसट गाव, अर्धं नाव, त्यावरून माणूस हुडकायचा. बऱ्याचदा सापडायचा. तेव्हापासून लोक हरवलेलं घेऊन माझ्याकडे येतात. मी चप्पल घातली.

भाट्याचा पूल ओलांडला तेव्हा खाडी आणि समुद्र दोन्ही एकाच मातकट रंगाचे होते. सानिकाचं घर माडांच्या आत, उतरत्या कौलांचं. मधल्या खोलीत भिंतीला एक फळी, तिच्यावर तिच्या जुन्या वह्या. खिडकी पावसामुळे बंद. मी दिवा लावला आणि फळी न्याहाळली.

वह्या होत्या. पण एक उलटी, एकीचा कणा भिंतीकडे, एक आडवी घातलेली.

"तू अशा ठेवतेस?"

"मी? मी तर कणा ओळीत नसला तर झोपत नाही."

मी लाल वही हातात घेतली. तिच्या झाकणाच्या कडेला, जिथं आत चुंबक शिवलेलं असतं तिथं, काळं काहीतरी उभं होतं. केसासारखं बारीक, ताठ. दुसरी वही पाहिली. तिलाही.

चुंबकांना मिशा फुटल्या होत्या.

२

"कुठली वही गेली?" मी प्रत्येकाला हाच प्रश्न आधी विचारला.

सासरे आत्मारामभाऊ, जुने तांडेल. आता बोटीवर जात नाहीत, पावसाळ्यात पडवीत बसून लोकांची जाळी विणून देतात.

"ती हिरवी. विहीणबाईंच्या लुगड्याची," ते म्हणाले. मान वर केली नाही.

"शनिवारी सानिका माझ्याकडे होती. तुम्ही घरी?"

"मी हितंच. कुटं जातंय म्हातारा?"

"कोणी आलं होतं?"

"या पावसात कोण येतंय, बाय?"

उत्तर सरळ होतं. पण त्यांच्या हातातली जाळ्याची गाठ चुकली. आयुष्यभर झोपेतसुद्धा बरोबर बसणारी गाठ त्यांनी सोडली, पुन्हा घातली, पुन्हा सोडली.

नणंद मृणाली कॉलेजात. कंबरेवर हात ठेवूनच आली.

"हिरवी. आणि मला माहीत आहे तुम्ही माझ्याकडेच येणार. मागितली होती मी. तोंडावर मागितली, कॉलेजच्या प्रदर्शनाला. वहिनी नाही म्हणाली, मी भांडले, ती रडली, मी भजी तळली. एवढं सगळं झाल्यावर चोरायला काय मजा उरते, काकू?"

"भजी करपली होती," सानिका आतून म्हणाली.

"खाल्लीस ना पण!"

शनिवारी मृणाली मैत्रिणीकडे मखर रंगवत होती. नखांत अजून सोनेरी रंग होता.

तिसरा ऋत्विक, सुजयचा चुलतभाऊ. मुंबईत बोटीवरच्या माणसांची भरती करणाऱ्या एका कचेरीत कामाला. सुजयची पाकिटं जहाजावरून तिथं यायची आणि हा घरी आणून द्यायचा. शुक्रवारीच गणपतीसाठी आला होता, भाड्याची गाडी घेऊन.

"हिरव्या लुगड्याची," तो म्हणाला. "काकू, मला पकडा, पण मोदक होऊन जाऊ दे."

"शनिवारी कुठे होतास?"

"बाजारात. मखराचं सामान."

"मखर तर मृणालीच्या मैत्रिणीकडे चाललंय."

तो हसला. हसू ओठांवर राहिलं, डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

"म्हणजे... दिव्यांच्या माळा."

"दाखव बघू."

"मिळाल्या नाहीत," ऋत्विक म्हणाला आणि पावसाकडे बघत बसला.

तिघांतले दोघं खोटं बोलत होते हे मला तिथंच कळलं. आणि तिघांपैकी कुणीच वही उचलली नव्हती, हेही.

३

"असं कसं म्हणता?" सानिकानं विचारलं. आम्ही दोघी मधल्या खोलीत, दार लोटून.

"सगळ्यांना ठाऊक आहे वही हिरवी आहे. दारातून एक नजर टाकली की दिसते. ती उचलायची आणि चालू पडायचं. बाकीच्या वह्यांना हात कशाला लावायचा? पण इथे आलेल्यानं एकेक वही काढली, चाळली, परत ठेवली. आणि ठेवताना उलटी की सुलटी, तेही पाहिलं नाही."

"म्हणजे बाहेरचा माणूस. त्याला रंग माहीत नव्हता."

"असेल. पण बाहेरच्याला तुझी वही कशाला हवी? आणि आतलं काय बघून त्यानं हीच ओळखली? या वहीत असं काय होतं, जे बाकीच्यांत नाही?"

सानिकानं विचार केला. "या खेपेला मी शिवलंय जास्त. चित्रं कमी. पानापानावर टाके. सुजयच म्हणाला होता, रंगवू नको, शीव. निळ्या दोऱ्यानं शिवलं सगळं, लाल दोरा दमट हवेत रंग सोडतो ना. पहिल्या पानावर ओवी आहे."

"म्हण."

ती लाजली. मग भिंतीकडे बघत म्हणाली,

"दर्या माझ्या भावा, तुला सोन्याचा नारळ,
माघारी रे धाड, माझ्या कुंकवाचं बळ."

बाहेर माडांतून वारा गेला. मग मिशांचं आठवलं.

"रेती कसली सांडली गो इथे?"

"रेती? अय्या, ती त्याचीच. शेवटच्या पाकिटातली. मालदीवची. मी पारदर्शक कागदाचा छोटा खिसा करून पानावर चिकटवली होती. या दिवसांत खळ धरत नाही, एक कड सुटली होती." तिचा आवाज एकदम उजळला. "फोनवर म्हणाला, सानू, पिठासारखी पांढरी आहे बघ, अशी रेती तू जन्मात पाहिली नसशील."

"होती तशी?"

ती अडखळली. "थोडी करडी होती. मी म्हटलं, प्रवासात मळली असेल."

मी फळीवर बोट फिरवलं. बोटाला कण लागले. ते कागदावर झाडले, लाल वहीचं झाकण उलटं करून वरून फिरवलं. कागदावरच्या रेतीतून काळे कण उठले आणि चुंबकाकडे उडाले.

रत्नागिरीत वाढलेल्या कुठल्याही माणसाला हे नवं नाही. फुटक्या रेडिओतलं चुंबक दोरीला बांधायचं आणि आमच्या ज्या किनाऱ्याला काळा समुद्र म्हणतात तिथल्या रेतीतून कुत्र्यासारखं ओढत न्यायचं. घरी येईस्तोवर त्याला अस्वलाचं अंग येतं. आमच्या किनाऱ्याच्या रेतीत लोखंडाचा अंश आहे. मालदीवची रेती म्हणजे पोवळ्यांचा चुरा. तिच्यात चुंबक बुडवून ठेवलं तरी कोरडंच निघेल.

हे सानिकाला मला सांगावं लागलं नाही. तीही भाट्याचीच.

ती खाली बसली. पदराचं टोक मुठीत घेतलं.

"तो जहाजावर नाहीच."

"सानिका..."

"काकू, वही गेली तर गेली. मी दुसरी शिवेन. मला एवढंच शोधून द्या. तो कुठे आहे?" आणि मग, ज्या वाक्याला ती घाबरत होती ते आलंच. "त्यानं दुसरं घर केलंय का?"

४

मी तिच्या सगळ्या वह्या जमिनीवर मांडायला लावल्या. जुन्यापासून नव्यापर्यंत.

माणूस खोटं बोलतो, पण त्यानं पाठवलेल्या वस्तू खोटं बोलताना थकतात. पोस्टात मी हे पुष्कळ पाहिलंय.

पहिल्या वहीत सुजयचे रंगच रंग. चॉकलेटचे चंदेरी कागद, ट्रामची तिकिटं, पक्ष्यांचे स्टॅम्प, कुठल्यातरी बंदरातल्या सूर्यास्ताचं कार्ड. त्याच्या बारीक रेखीव अक्षरात खाली गावाचं नाव. दुसऱ्या वहीतही तसंच. तिसरीच्या अर्ध्यात काहीतरी बदललं होतं.

कार्डं थांबली. स्टॅम्प थांबले. त्यांच्या जागी सुंभाच्या गाठी आल्या, खलाशी मारतात तशा. खरखरीत शिंपले. एका झाडाची साल. खालच्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर वेगळं.

"हे ऋत्विकचं अक्षर ना?"

"हो. म्हणतो, दादा घाईत असतो, नावं मीच टाकतो."

"आणि हिरव्या वहीत?"

"त्यात गाठी, शिंपले. आणि रेती."

"व्हिडिओ कॉल करतो?"

"कॅमेरा बिघडलाय म्हणतो. आवाज येतो रोज. अगदी शेजारून बोलल्यासारखा."

"हिरव्या कव्हरचा फोटो तू पाठवला होतास?"

"हो तर! किती हौसेनं. त्यानं विचारलं, रंग कुठला गं घेतलास? मी म्हटलं, आंधळा आहेस का? फोटो बघ की. तर म्हणाला, स्क्रीन फुटलीय."

बोलता बोलता तिचा हात तोंडावर गेला. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघवलं नसतं.

दुसरं घर करणारा माणूस बायकोला शिंपले पाठवत नाही. आणि खोटं बोलायचंच असलेला डोळस माणूस पांढरी रेती म्हणून काळी पाठवत नाही. या जिल्ह्यात पांढऱ्या रेतीला तोटा नाही. गुहागरच्या अंगाला किनारा उजळ आहे. फक्त पावसाळी लाटा तिथे काळ्या रेतीचे पट्टे आणून टाकतात. ज्याला दिसतं तो पट्टा टाळून पुढं जातो आणि उजळ जागी वाकतो.

मी डोळे मिटले आणि सानिकाच्या जुन्या वह्यांवर हात ठेवला. पहिल्या दोन वह्या गुळगुळीत होत्या. सूर्यास्त, पक्षी, ट्राम, सगळं बोटाखाली सपाट कागद. तिसरीत बोट अडखळलं. ही गाठ. हा शिंपला. ही साल.

बोटाला सगळं दिसत होतं.

मी उठून पडवीत गेले. आत्मारामभाऊ जाळं तसंच मांडीवर घेऊन बसले होते. विणणं थांबलं होतं.

"आत्मारामभाऊ," मी म्हटलं, "सुजयला आता किती दिसतं?"

५

म्हाताऱ्यानं सुई जाळ्यात खोवली. मग असा बोलला, की जणू मी नाही, समोरचा पाऊसच विचारत होता.

"कडंनं दिसतंय. मधी नाय. मधी धूर हाय म्हणतो, दर म्हयन्याला वाढत चाललेला. माज्याकडं बघायचं झालं तर माज्या कानाकडं बघतो."

"कधीपासून?"

"मागल्या खेपेपास्नं. जहाजावरच सुरू झालं. गेल्या वर्षी परत निघताना मेडिकलात नापास केलान त्येला. हिला सांगून निघालेला जहाजावर, तो गेलाच नाय. आंजनवेलला माझी भईण हाय, तुळसा. तिच्याकडं ऱ्हातो."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डोळ्याची नस सुकतेय. घराण्यातला दोष हाय, आईच्या अंगानं येतो, असा काय म्हणाले. मी इचारलं, माझी नस काढून घाला. हसले नाय ते. म्हणाले, तसं व्हत नाय बाबा." त्यांनी आपला पंजा उलटा-सुलटा करून पाहिला. "मुंबईला नेला, कोल्हापूरला नेला. मी तुफानात बोट किनाऱ्याला आणली हाय, बाय. पण ह्या पोराचा एक डोळा मला किनाऱ्याला आणवत नाय."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. समोरच्या माडाच्या आळ्यात पाणी साचलं होतं, त्यात थेंब पडत होते, मिटत होते.

"आणि शनिवारी?"

"सरकारी इस्पितळात दाखवायचं व्हतं. ऋत्विकनं गाडी आणली. परत जाताना म्हणाला, बाबा, सानिका घरात नाय ना? मला एकदाच घरात उभं ऱ्हाऊ दे." त्यांनी मांडीवरचं जाळं पायाशी सोडलं. "मी म्हटलं, वही मी काढून देतो, हिरवी हाय. तर माज्यावर ओरडला. म्हणाला, गप बसा. तिची वही मला वळखता आली पायजे. रंग सांगू नका. मंग एकेक काढून चाचपत बसला. ती टाके घातलेली हाताला लागली, तसा फळीला डोकं लावून उभा ऱ्हायला. मी बाहेर आलो. बापानं बघू नये अशी गोष्ट व्हती ती."

"न्यायची कशाला होती? गणपतीला ती देणारच होती."

"गणपतीपर्यंत कडेचंबी ऱ्हाईल का, ठावं नाय. म्हणाला, उरलंय तेवढ्यात बघून घेतो."

"आणि सानिकाला का नाही सांगायचं?"

"बरा झालो की सांगीन, म्हणायचा. आधी बरा झालो की. मंग थोडा बरा झालो की." म्हातारा थांबला. "आता तो काय म्हणत नाय."

मागं दाराची कडी वाजली. सानिका उंबऱ्यात उभी होती. तिनं किती ऐकलं होतं, ते विचारायची गरज नव्हती. सगळंच.

मला वाटलं ती सासऱ्यावर ओरडेल. ओरडायला हवं होतं. ती खाली वाकली, त्यांच्या पायाशी पडलेला जाळ्याचा गुंता उचलून तिनं त्याची नीट घडी घातली आणि म्हणाली, "बाबा, चहा घेतलात का दुपारचा?"

आत्मारामभाऊंनी तोंड फिरवलं.

६

जयगडच्या फेरीबोटीवर आम्ही दोघीच बायका होतो. ऋत्विक गाडीत बसून राहिला, त्याला सानिकाच्या नजरेला नजर द्यायची नव्हती. ती कठड्याला धरून उभी. खाडीचं पाणी लालसर, वरून ओढून आणलेल्या मातीचं.

"वर्षभर," ती म्हणाली. "वर्षभर मी समुद्राला नारळ वाहत होते, काकू. आणि तो खाडीच्या पलीकडे."

मी काय सांगणार? पत्ता चुकलेलं पाकीट मी पोचतं करत असे. पण आतलं वाचून माणसाचं काय होणार, त्यावर माझा इलाज कधीच नव्हता. तेव्हा नव्हता आणि आताही नव्हता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तोही तिला लागला की नाही, कुणास ठाऊक.

अंजनवेलला गोपाळगडाच्या उतारावर तुळसाआत्याचं घर. आत्यानं आम्हाला पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि मागच्या पडवीकडे बोट केलं.

सुजय तिथं बसला होता. मांडीवर हिरवी वही. पान उजेडाकडे तिरकं धरलेलं आणि मान विचित्र वळवलेली, कोंबडी दाण्याकडे बघते तशी एका बाजूनं. तो मधून बघत नव्हता. कडेनं, जेवढं उरलं होतं तेवढ्यातून, एकेक टाका वेचत होता.

"आत्ये, चहा झाला?" पावलं ऐकून तो म्हणाला.

"साखर किती घालू?" सानिकानं विचारलं.

वही मिटली. चुंबक टपकन वाजलं. त्याचा चेहरा आवाजाकडे वळला आणि थोडा चुकला. तो तिच्या कानाकडे बघत होता.

कुठली बाई अशा वेळी काय बोलेल, याचा नियम नाही. ही त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि चापट मारली, दंडावर, जोरात. मग तिथंच डोकं टेकवलं.

"आंधळा आहेस का, म्हटलं होतं मी तुला," ती म्हणाली. "फोनवर. हसत हसत."

"तुला काय माहीत होतं?"

"तू सांगितलं नाहीस."

"काय सांगू? तू रोज माझ्यासाठी रंग घेऊन बसायचीस."

खाली किल्ल्याच्या पायथ्याला लाटा आपटत होत्या. गणपती चार दिवसांवर आले होते, आत्याच्या घरात कुठंतरी खोबरं किसल्याचा आवाज येत होता, आणि या सगळ्यात कुणालाच काही करता येण्यासारखं नव्हतं. डॉक्टर सांगून चुकले होते. देवाला सांगून झालं होतं. मी कोपऱ्यातल्या बाकावर बसले आणि माझ्या हातांकडे बघत राहिले. इतकी वर्षं खळ लावून फाटलेलं जोडलं त्यांनी.

बऱ्याच वेळानं सुजयनं विचारलं, "पण तुम्हाला कळलं कसं?"

तो माझ्याकडे वळून बोलत होता. आवाजात थोडं कुतूहल होतं, आणि त्यामागं लपलेली एक भीती. "काकू, हे तुम्हीच हुडकलं असणार. मी तर सगळं नीट केलं होतं. कुठं चुकलं?"

उकल माझ्या जिभेवर तयार होती. फळीवरच्या उलट्या वह्या. सूर्यास्ताच्या जागी आलेल्या गाठी. चुंबकाच्या मिशा. एरवी मी ती चवीनं सांगते. कशावरून काय ओळखलं, हे सांगताना माणसाला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण ही उकल सांगायची तर त्याला सांगावं लागलं असतं, की बाबा, तू किनाऱ्यावर वाकलास, ओंजळ भरलीस, आणि ती काळी होती. तू पांढरी समजून पाठवलीस. तुला वाटतं त्याहून कमी दिसतंय तुला.

मी सानिकाकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे. तिची मान किंचित हलली.

"तुझ्या बाबांनी सांगितलं," मी म्हटलं. "म्हाताऱ्याला राहवलं नाही."

"बाबा!" सुजयनं कपाळाला हात लावला, आणि त्याचे खांदे खाली आले. सुटल्यासारखे. "मला वाटलंच. त्यांच्या पोटात काही राहत नाही."

नंतर भाट्याला परतल्यावर मी आत्मारामभाऊंना सांगितलं, की हा आळ तुमच्यावर टाकलाय. ते म्हणाले, टाका, आणखी असला तर तोबी टाका.

सुजयनं वही पुन्हा उघडली. बोटं पानांवरून चालत शेवटापर्यंत गेली, जिथं पारदर्शक कागदाचा खिसा एका कडेनं सुटला होता. आत थोडी रेती उरली होती. त्यानं ती जपून हातावर घेतली. पावसाच्या उजेडात ती राखेसारखी करडी दिसत होती, मधे काळी रेघ.

"ही काही मालदीवची नाही, सानू. एवढं खोटं बोललो. गुहागरच्या बाजूची आहे. पण मी उजळ जागा शोधून घेतली होती. लांबवर चालत गेलो त्यासाठी." तळवा त्यानं तिच्यापुढं धरला, आणि मान वळवून कडेच्या डोळ्यानं तिच्या तोंडाकडे बघायचा प्रयत्न केला. "पांढरी आहे ना? तेवढं तरी?"

सानिकानं त्याच्या तळव्यावरची रेती पाहिली. मग त्याची बोटं एकेक करून मिटली आणि मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली.

"पिठासारखी," ती म्हणाली.